राजमुद्रा बाहीखाली झाकून रक्तदान केलं तर चालेल का?

माजलगाव तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: वय २२, वजन ५८ किलो. येत्या १९ फेब्रुवारीला गावात शिवजयंतीचं रक्तदान शिबिर आहे आणि तो मंडळाचा कार्यकर्ता आहे. मागच्या वर्षी रांगेत लागला तर 'रक्त कमी आहे' म्हणून परत पाठवलं, पोरांनी वर्षभर टिंगल केली. यंदा काय खाऊन जाऊ म्हणजे परत पाठवणार नाहीत? आषाढीच्या सुमारास दंडावर राजमुद्रा गोंदवून घेतली आहे, फुल बाहीचा शर्ट घातला तर चालेल का? बहीण १९ वर्षांची, वजन ४७, तिलाही द्यायचं आहे. आणि आईचं म्हणणं, "लेकराचं रक्त काढून घेतेत, मग अंगात ताकद राहत नाही. घरच्यासाठी राखून ठेव."

भाऊ, मी मराठवाड्यातल्या एका रक्तपेढीत २२ वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करतो. आधी सरळ उत्तर देतो. यंदाच्या शिबिरात तुम्ही रक्त देऊ नका. बहिणीचं मात्र होऊ शकतं, तिचं हिमोग्लोबिन बसलं तर. आता कारणं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात खाण्याचा मुद्दा दिसायला पुढे असला तरी तुम्हाला खरी बोच परत पाठवल्याची आहे. ती बोच माणसाला फॉर्मवर खोटं लिहायला लावते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

गोंदण्यापासून सुरुवात करू. गोंदवल्यानंतर १२ महिने रक्त घेत नाहीत. कान-नाक टोचलं तरी तेच. शाईला आमचा काही विरोध नाही. सुई कुणाकुणाच्या अंगातून आली आणि शाईची डबी कितीजणांत फिरली, हे तुम्हाला माहीत नसतं, आम्हालाही नाही. जत्रेतल्या पालावर एकाच डबीत सुई बुडवून दहा जणांना गोंदताना तुम्हीही पाहिलं असेल. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी हे तिन्ही आजार असे पसरू शकतात.

यावर पोरं म्हणतात, "पण सर, तुम्ही तपासताच की." तपासतो. प्रत्येक बॅगची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस आणि मलेरिया या पाचांसाठी तपासणी होते. पण विषाणू अंगात शिरला आणि दुसऱ्या दिवशी तपासणीत सापडला, असं होत नाही. मधे काही आठवडे, क्वचित काही महिने, असे जातात की माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, पण तपासणी कोरी येते. आम्ही त्याला विंडो पिरियड म्हणतो. त्या काळात मशीन काही बोलत नाही. बोलू शकता फक्त तुम्ही, फॉर्मवर. आणि एका बॅगचे लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे तीन भाग होतात, ते तीन वेगळ्या रुग्णांना जातात. एखादं थॅलेसिमियाचं लेकरू असतं, त्याला दर दोन-चार आठवड्यांनी कुणाचं तरी रक्त लागतंच. तुमची बाही त्या लेकरापर्यंत पोचते, एवढंच डोक्यात असू द्या.

तुमची राजमुद्रा स्वच्छ सुईची असेलही. बहुतेक असेलच. पण नियम तुमच्या सुईसाठी नाही, सगळ्या सुयांसाठी आहे. आषाढीला वर्ष पुरं होईल, मग या.

आता एचबीचं, म्हणजे हिमोग्लोबिनचं. मागच्या वर्षी तुमचं बोट टोचून निळ्या पाण्यात थेंब टाकला असणार. ते मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचं द्रावण असतं, घनता १.०५३. रक्ताचा थेंब त्यात १५ सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमच्या वर आहे असं धरतात. तरंगत राहिला तर परत. हल्ली बऱ्याच ठिकाणी छोटं यंत्र असतं, ते थेट आकडा दाखवतं. बाई असो की बापय, आपल्याकडे मर्यादा एकच, १२.५.

यात दोन गोष्टी होऊ शकतात. एक, चाचणी चुकली. घाईत उथळ टोचलं आणि थेंब येईना म्हणून बोट पिळलं, की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि थेंब हलका होतो. शिबिरात शंभर माणसं रांगेत असली की हे घडतं, मी नाकारत नाही. द्रावण जुनं झालं तरीही फसवतं. म्हणून शंका आली तर दुसऱ्या बोटाने पुन्हा करा असं म्हणायला लाजू नका.

दुसरी शक्यता जास्त महत्त्वाची. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर तो ॲनिमियाच. बाईला ही रेषा १२ आहे. म्हणजे एखाद्या बाईचं १२.२ आलं तर ती आजारी नाही, फक्त दान देण्याइतकं वर नाही. पण २२ वर्षांच्या पोराचं १२.५ च्या खाली आलं तर ते कुठे गळतंय हे शोधायला हवं. मूळव्याध असते, पोर लाजून सांगत नाही. अनवाणी शेतात हिंडल्याने आकडेकृमी होतात, ते आतड्यातून रक्त पितात. गुडघा-कंबर दुखते म्हणून मेडिकलवरून रोज गोळी घेणाऱ्याच्या पोटात जखम असते. नुसतं माळकरी जेवण असेल आणि दूधदही कमी असेल तर बी-१२ कमी पडतं. तेव्हा वर्षभर टिंगल सहन करण्यापेक्षा तुम्ही गेल्याच वर्षी ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्त तपासलं असतंत तर बरं झालं असतं. अजून वेळ गेलेली नाही, सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी, करून घ्या. नेमकं कारण तुमच्या रिपोर्टवर अवलंबून आहे, ते इथून सांगता येणार नाही.

'काय खाऊ' याचं उत्तर म्हणून निराश करणारी गोष्ट सांगतो. शिबिराच्या आदल्या आठवड्यात बीट, डाळिंब, टमाटे खाल्ल्याने एचबी वाढत नाही. रंग लाल म्हणून रक्त लाल, एवढंच त्यातलं शास्त्र आहे. लोह भरायला महिने लागतात. चवळी-मटकीसारखी कडधान्यं, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या, चालत असेल तर मटण-कलेजी, यातून ते येतं. सोबत लिंबू पिळा, पेरू खा, आवळा खा. क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा नको. आपल्याकडे पानावरून उठलं की चहा लागतोच, तो तासभर लांबवा. गूळ-शेंगदाण्याला माझा विरोध नाही, मीही खिशात ठेवतो, पण एका खड्याने चमत्कार होत नाही. कमतरता असेल तर गोळीच लागते. तुमच्या बहिणीला शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळाली असेल, ती लोहाचीच. किती पोरींनी ती गिळली आणि किती बाकाखाली गेल्या, तो वेगळा विषय.

बहिणीचं थोडं सविस्तर सांगतो. वय १८ पूर्ण, वजन ४५ च्या वर, म्हणजे ती ३५० मिलीच्या बॅगसाठी बसते. (तुमच्यासारख्या ५५ किलोच्या वरच्यांकडून ४५० मिली घेता येतं.) महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, त्यामुळे शिबिरात दहा पोरी आल्या तर बऱ्याच परत जातात. तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमुसणार नाही. पाळी चालू असेल तर त्या दिवसांत नको. पुढे लग्न झाल्यावरही लक्षात ठेवायचं: बाळंतपणानंतर वर्षभर आणि अंगावर पाजत असेपर्यंत घेत नाहीत, गर्भपात झाला असेल तर सहा महिने.

तिच्याबाबत माझी खरी काळजी चक्कर येण्याची आहे. ५८ किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण साडेचार लिटर रक्त असतं, ४७ किलोच्या मुलीच्या अंगात तीन लिटरच्या थोडं वर. बॅग तीच, ३५०. तुमच्यातून बारावा हिस्साही जात नाही, तिच्यातून नववा जातो. त्यात पहिली वेळ, कमी वय, कमी वजन, आणि समोर सुई. भोवळ येणाऱ्यांत अशीच माणसं जास्त असतात. धोका मोठा नसतो, पाय वर करून झोपवलं की दोन-चार मिनिटांत माणूस हसायला लागतो. लागतं ते पडल्यामुळे.

इथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी धारूरच्या बाजूला एका गावात शिबिर होतं. संकष्टी होती हे माझ्या लक्षात नव्हतं. एक धट्टाकट्टा पोरगा, सत्तर किलोचा. "जेवलास का?" "हो." मी पुढचा विचारला. बॅग भरली, तो उठला आणि थेट मांडवाच्या दारात पाहुण्यांबरोबर प्रमाणपत्राचा फोटो काढायला उभा राहिला. फोटो निघायच्या आत तो खाली होता. टेबलाच्या कडेवर हनुवटी आपटली, चार टाके. नंतर त्याची आई म्हणाली, सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं, चंद्र बघून सोडणार होता. त्याने खोटं सांगितलं हे खरं, पण 'जेवलास का' या प्रश्नाला हो म्हणणं फार सोपं असतं. तेव्हापासून मी विचारतो, "काय जेवलास, किती वाजता?" भाकरी आणि पिठलं, साडेनऊला, असं पटकन आलं तर जेवलेला. डोळे वर गेले तर उपाशी. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे, या दिवसांत आमच्या मंडळींना मी मुद्दाम बजावतो. उपवासाला किंवा रोज्याला रक्त देऊ नये, पुण्य दोन्ही बाजूंनी मिळतं पण एका वेळी एकच.

तर तयारी आदल्या रात्रीपासून. झोप पूर्ण हवी. मांडव घालायला, पताका लावायला रात्रभर जागलेला कार्यकर्ता सकाळी पहिला नंबर लावतो, हे कौतुकाचं असलं तरी मी त्याला परत पाठवतो. रात्रपाळी करून आलेल्यालाही. आदल्या दिवशी दारू नको. जयंतीच्या शिबिरात हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. सकाळी नेहमीसारखं जेवण, तेलकट-तुपकट कमी, आणि दोन-तीन तासांत शिबिरात. टोचायच्या आधी अर्ध्या तासात दोन-अडीच पेले पाणी प्या. याने भोवळ खरोखर कमी येते, आणि शीरही सापडते. फेब्रुवारीत दुपार तापायला लागते, एप्रिल-मेमध्ये तर मी पाण्याची बाटली संपवल्याशिवाय कॉटवर घेत नाही. बॅग भरताना मांड्या आणि पोटऱ्या आवळायच्या, सोडायच्या. याने रक्त डोक्याकडे राहतं. तोंडातली तंबाखू थुंकून या. भोवळीत ती घशात गेली तर तिथून पुढचं वर्णन नको.

बॅग भरायला पाच ते दहा मिनिटं लागतात. त्यानंतरचा पाव तास मात्र माझ्या मते सुईपेक्षा महत्त्वाचा आहे. आधी झोपून, मग बसून, मग उभं. पट्टी चार-पाच तास राहू द्या. त्या हाताने पोतं, कळशी, पंप उचलायचा नाही. आणि संध्याकाळी मिरवणूक असेल तर सकाळी रक्त दिलेल्याने ढोल गळ्यात घालू नये. दंडाखाली काळंनिळं पडून फोन येतात ते बहुतेक ढोलवाल्यांचेच. उसाचा ट्रॅक्टर किंवा एसटी चालवणाऱ्यांनी पुढच्या ड्युटीच्या आधी २४ तास मोकळे असतील तरच द्यावं.

आजार आणि गोळ्यांचं पटकन सांगतो, कारण मंडळाच्या पोरांना तुम्हीच सांगणार. मलेरिया झाला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने, डेंग्यू-चिकुनगुन्या सहा महिने, टायफॉइड वर्षभर थांबायचं. कुत्रं चावून रेबीजची सुई घेतली असेल तर वर्षभर. गावाकडे हे बरेच विसरतात. मोठं ऑपरेशन किंवा रक्त चढवलं असेल तर वर्षभर. अँटिबायोटिक संपल्यावर दोन आठवडे. कावीळ झाली असेल तर कोणती होती यावर सगळं ठरतं, बी किंवा सी असेल तर कधीच नाही. बीपीची, साखरेची गोळी चालू आहे म्हणून माणूस आपोआप बाद होत नाही. प्रमाण आटोक्यात असेल आणि गेल्या चार आठवड्यांत गोळी बदललेली नसेल तर घेता येतं. इन्शुलिन चालू असेल तर नाही. तिथला डॉक्टर ठरवील, तुम्ही फक्त लपवू नका.

आणि कुणी एचआयव्ही तपासणी फुकटात होईल म्हणून रांगेत लागत असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगा. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी केंद्र असतं, तिथे मोफत आणि गुप्त तपासणी होते. शिबिर ही त्यासाठीची जागा नव्हे. एखाद्याला मित्रांसमोर फॉर्मवर खरं लिहिता आलं नाही, तर रक्त दिल्यावरही पेढीत फोन करून 'माझी बॅग वापरू नका' एवढं सांगितलं तरी पुरतं. आम्ही कारण विचारत नाही.

भेटवस्तूंवर माझं थोडं वेगळं मत आहे, मंडळवाल्यांना आवडत नाही. चहा-बिस्किट, केळं, प्रमाणपत्र ठीक. पण हेल्मेट, बॅगा, मिक्सर लावले की रांग वाढते आणि फॉर्मवरचं खरं कमी होतं. आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले, तेही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कान उपटल्यावर. कारण हेच होतं, पैशाची गरज असलेला माणूस आजार सांगत नाही. मिक्सर हा त्याचाच धाकटा भाऊ.

आता आईचं. त्यांना वेडं ठरवू नका, अर्धं त्यांचं बरोबर आहे. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरतं, लाल पेशी महिना-दोन महिन्यांत. पण ३५० मिलीसोबत साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह जातं आणि जेवणातून अंगाला दिवसाला एखाद-दोन मिलिग्रॅमच मिळतं. म्हणून पुरुषांना ९० दिवस आणि बायकांना १२० दिवस थांबायला सांगतात. खाणारं, निरोगी माणूस असेल तर ताकद जात नाही. जिचं मुळात कमी आहे तिच्याकडून वारंवार घेतलं तर जाते. तो १२.५ चा आकडा आईच्याच भीतीवरचा पहारा आहे, असं त्यांना सांगून बघा.

'घरच्यासाठी राखून ठेव' याला मात्र अर्थ नाही. तुमच्या अंगातल्या लाल पेशी तशाही चार महिन्यांत मरतात, नव्या येतात. शिवाय बाप-लेक, भाऊ-बहीण असं सख्ख्या नात्यातलं रक्त उत्तम, हा गैरसमज आहे. जवळच्या नात्यात पांढऱ्या पेशी एकमेकींना इतक्या सारख्या वाटतात की रुग्णाचं शरीर त्यांना परकं म्हणून मारत नाही, आणि त्या पेशी उलट रुग्णावरच उठतात. हे क्वचित होतं, पण झालं तर जीवावर बेततं. म्हणून तसं रक्त द्यायचंच झालं तर आधी किरणांची प्रक्रिया करतात, ती सोय सगळीकडे नसते. घरच्यांना परक्याचं तपासलेलं रक्तच बरं. ते परकं माणूस म्हणजे कुणाच्या तरी घरचं तुम्ही.

राहिला तुमचा हिरमोड. लाल पेशी बॅगमधल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर फक्त पाच. १९ फेब्रुवारी ते १४ एप्रिल आमचे फ्रीज भरलेले असतात. मग मे महिन्यात कॉलेजं बंद, लग्नसराई, ऊन, आणि बाळंतिणीला दोन बॅगा हव्या असल्या तर फोनवर फोन. दिवाळीत पुन्हा तेच, सुट्ट्या लागलेल्या आणि आपल्या भागातली निम्मी तरणी माणसं कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली. तुमचं वर्ष आषाढीला भरतंय. तोवर सीबीसी करा, कारण सापडलं तर उपचार घ्या, आणि दिवाळीच्या आठवड्यात थेट पेढीत या. तिथे टाळ्या नसतात, पण बॅग हमखास वापरली जाते.

आणि १९ तारखेला पाण्याचं टेबल तुम्ही सांभाळा. येणाऱ्या प्रत्येकाला दोन पेले पाजा, काय जेवलास आणि किती वाजता ते विचारा, डोळे वर गेले की वडापावच्या गाड्याकडे पिटाळा. बहिणीची बॅग भरत असेल तेव्हा शेजारी बसून तिच्याशी दुसरंच काही बोला. उठताना हात धरा. फोटो पाव तासाने, बसल्या जागी.